एकेरी अवतरण

लिएपायात वारा दाराची कडी वाजवतो आणि आत येत नाही.
टालिवाल्डिसमामा खिडकीशी. उजवा हात मांडीवर,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
मार्चपासून त्याचे शब्द घरातच आहेत,
पण कुठला कुठल्या खणात, ते त्यालाही सांगता येत नाही.
मीठ हवं असलं की म्हणतो, ‘सोमवार’.

एकोणतीस वर्षं ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटर.
सगळ्या नोंदी या कुलूपबंद डिस्कवर:
कुठल्या रात्री कोण बोललं, कोण बोलायचं थांबलं.
स्काइद्रीतेमामीला त्यातली एकच रात्र हवी आहे.
कुठली, ते मी विचारलं नाही.

परवलीचा शब्द त्याने तुकड्यातुकड्यांत दिला.
बोटीचं नाव, तेही हातवाऱ्यांनी: पंख, चोच.
मग हवेत नागमोडी वळण, त्यातून एक उभी रेघ. डॉलर.
(पहिला परदेशी पगार, मामी म्हणाली. बूट घेतले होते.)
मग चार. की पाच? बोटं दोन्हींवर अडखळली.
मग टेबलावर मूठ: उद्गारचिन्ह.
शेवटी दोन आकडे, बहुधा साल.

शब्दयाद्या करणारा तो छोटा प्रोग्राम मी उघडला.
त्याला साचा द्यायचा: एवढं ठरलेलं, इथे आकडे फिरव.
लिहिलं. एंटर.

उद्गारचिन्ह दिसताच शेल माझा जुना इतिहास उपसायला लागलं:
अशी घटना सापडली नाही.
कुठली घटना? मी कुठे विचारलं होतं?
ते चिन्ह काढून पाहिलं, तर डॉलर आणि त्याच्यामागचा चार गायब,
जणू मामाला तो पगार मिळालाच नव्हता.
काहीही चालेल म्हणून नुसता तारा दिला,
तर त्याच्या जागी फोल्डरमधल्या सगळ्या फायली रांगेत:
वीजबिल, हाताचे व्यायाम, धुरावलेल्या माशांची कृती.
एक कंस उघडला तर सरळ भांडण.

प्रोग्रामची चूक नव्हती. त्याच्यापर्यंत माझं म्हणणं पोचतच नव्हतं.
मध्ये हा दुभाष्या, उत्साही, फार हुशार,
पूर्ण ऐकण्याआधीच अर्थ लावणारा.
ध चा मा.

मीही हेच करते.
मामा म्हणतो, ‘सोम—’
आणि मी लगेच: मीठ ना? पाणी? झोपायचंय?
तो मान फिरवतो.

दुहेरी अवतरणात घातलं. मोकळ्या जागा वाचल्या, डॉलर गिळलाच.
दुहेरी अवतरण म्हणजे नातेवाईक,
जपतात, पण ढवळाढवळ सोडत नाहीत.
फोनमधल्या टिपणातून ओळ उचलून चिकटवली
तर अवतरणंच बाकदार आली, छापील, देखणी, निरुपयोगी.

शेवटी एकेरी. दोन सरळ काड्या.
यांच्यामध्ये जे आहे ते आहे तसंच.
डॉलर म्हणजे डॉलर. मूठ म्हणजे मूठ.

घाईत दुसरी काडी राहिली.
एंटर दाबलं, आणि खालच्या ओळीवर नुसता एक बाण.
ना चूक, ना तक्रार.
वाक्य संपलेलं नाही एवढं त्याला कळलं होतं
आणि ते संपेपर्यंत ते बसून राहणार होतं,
रात्रभरसुद्धा.

मी मागे पाहिलं. मामी त्याच्यासमोर स्टुलावर,
हातात अर्धवट सोललेलं बीट.
तो काहीतरी म्हणायला निघाला होता, केव्हाचा.
ट्राम गेली. ती बोलली नाही.

राहिलेली काडी बाणापुढे देऊन भागत नाही,
मधली तुटलेली ओळही शब्दात शिरते.
म्हणून सगळं रद्द केलं. आधी दोन्ही काड्या ठेवल्या,
मग त्यांच्यात त्याचा शब्द.
बोटीचं नाव तीन तऱ्हांनी, चार किंवा पाच, सालाचे शंभर:
सहा फेऱ्यांत सहाशे ओळी.
कुलूप एकेकीला दोन सेकंद घेतं.

वीस मिनिटं, मी म्हटलं.

‘सोमवार,’ मामा म्हणाला.
माझा हात मिठाच्या बरणीकडे गेला. मागे घेतला.
थांबले.

‘सोमवारी,’ तो म्हणाला, ‘बर्फ. होता.’

मामीने सुरी खाली ठेवली.